आया

वार्षिकांकासाठी काही लिहून द्यावे, शक्यतो पाहिलेल्या एखाद्या प्रदर्शनाविषयी, असे संपादक मंडळाने कळवले आणि मी जरा विचारात पडले. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या लेखी प्रदर्शन म्हणजे गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये सुतळ्या ताणायच्या, त्यांवर मुलांची चित्रे टाचण्यांनी लावायची आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पडलेली उचलून पुन्हा लावायची. मोठी प्रदर्शने पाहण्याचा योग फार थोड्या वेळा आला. पण त्यांतले एक असे आहे की ज्याविषयी आपल्या विद्यार्थ्यांशी बोलावे असे मला गेले बरेच दिवस वाटत होते.

आम्ही या महाविद्यालयात होतो तो काळ १९७७-७८ चा. कलेच्या इतिहासाच्या तासाला दृक्प्रत्ययवाद शिकवला जाई. ग्रंथालयात त्यावर एकच जाडजूड पुस्तक होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक चित्रे काळी-पांढरी. ज्या मंडळींनी आयुष्यभर उजेडाचे रंग शोधले त्यांना आम्ही शाईच्या दोन छटांत शिकलो! मोने, रेन्वार, पिसारो, देगा यांच्यावर मोठे प्रश्न येत. बायकांवर टीप येई, चार गुणांची. बर्थ मोरिसो आणि मेरी कसॅट. पाठ केलेली टीप मला अजून आठवते : 'मेरी कसॅट ही अमेरिकन चित्रकर्त्री. देगाच्या प्रभावाखाली पॅरिसमध्ये काम केले. आवडता विषय माता व बालक.' एवढे लिहिले की चारांपैकी तीन गुण हमखास पडत.

त्या टीपेतली बाई मला प्रत्यक्ष भेटली ती २०२४ साली, फिलाडेल्फियात. मी तिथे गेले होते लेकीच्या बाळंतपणासाठी. आपल्याकडच्या पुष्कळ आया हल्ली अशा जातात. सामानात डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, आणि विमानतळावर कोणी विचारलेच तर हे सगळे औषध आहे की खाद्यपदार्थ, याचे उत्तर मनाशी तयार. तिथे शेक-शेगडीची सोय नाही. ओवा-शेपाची धुरी द्यायला घेतली तर छतावरचा भोंगा ठणाणा करील म्हणून जावयांनी हात जोडले. तरी तेल-मालिश, अंघोळ, लाडू, रात्रीची जागरणे हे सारे यथासांग चालले होते.

लेकीची रजा बारा आठवड्यांची. त्यातले दहा संपले होते आणि ती गप्प गप्प राहू लागली होती. बाळाला पाळणाघरात ठेवून कामावर रुजू व्हायचे होते. पाळणाघर बघून झाले होते, पैसे भरून झाले होते. पण रात्री बाळ झोपल्यावरही ती त्याच्याकडे बघत बसे. मी काही विचारले नाही. अशा वेळी विचारले तर रडू येते आणि न विचारले तर राग येतो, तेव्हा रागच परवडला.

एका सकाळी तीच म्हणाली, "आई, तू आल्यापासून स्वयंपाकघर सोडून काही पाहिलेले नाहीस. इथल्या म्यूझियममध्ये एका बाईचे मोठे प्रदर्शन लागले आहे. तुझ्या विषयातले. चल, बाळाला घेऊन जाऊ."

प्रदर्शन मेरी कसॅटचे होते. १८ मे ते ८ सप्टेंबरपर्यंत चालणारे, तैलचित्रे, खडूचित्रे आणि मुद्राचित्रे मिळून एकशे तीसच्या वर कलाकृतींचे. त्याचे नाव 'मेरी कसॅट ॲट वर्क'. म्हणजे कामात असलेली मेरी कसॅट. 'आवडता विषय माता व बालक' असे घोकलेल्या मला ते नाव वाचून नवल वाटले. काम? कसले काम?

फिलाडेल्फियाचे कलासंग्रहालय एका टेकडीवर आहे. समोर बहात्तर दगडी पायऱ्या. १९७६ सालच्या 'रॉकी' या चित्रपटात तो मुष्टियोद्धा या पायऱ्या धावत चढतो. तेव्हापासून जगभरची माणसे तिथे येऊन धावत वर जातात आणि दोन्ही हात उंचावून फोटो काढून घेतात. त्यातले कित्येक जण आत न जाता तसेच परत फिरतात! आमच्याजवळ बाबागाडी, दुपट्यांची पिशवी आणि छातीशी बांधायची झोळी, म्हणून आम्ही पलीकडच्या दाराने आत गेलो.

आता थोडे तिच्याविषयी. जन्म २२ मे १८४४ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गला लागून असलेल्या अ‍ॅलेघेनी सिटीत. घरची सुस्थिती. १८६० च्या सुमारास ती याच फिलाडेल्फियाच्या कला-अकादमीत शिकायला आली. मुलींना तिथे प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करता येई, पण समोर विवस्त्र मॉडेल बसवून मुलग्यांना जे शिकायला मिळे ते मुलींना नाही. १८६६ साली ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी कलाशाळेचे दार तर मुलींना १८९७ पर्यंत बंदच होते. मग खासगी शिकवणी घ्यायची आणि परवाना काढून लूव्हरमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करत बसायचे, हाच मार्ग. १८६८ साली तिचे चित्र पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात, सलाँमध्ये, घेतले गेले. पुढे काही वर्षे कधी स्वीकार, कधी नकार. १८७७ साली देगाने तिला आपल्या मंडळींबरोबर चित्रे मांडण्याचे आमंत्रण दिले आणि १८७९ च्या त्यांच्या चौथ्या प्रदर्शनात ती दाखल झाली.

वडिलांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आई-वडील आणि थोरली बहीण लिडिया १८७७ साली तिच्याकडे पॅरिसला राहायला आले. घरखर्च वडील बघत, पण त्यांची एक अट होती : स्टुडिओचे भाडे, रंग, कॅनव्हास, मॉडेलचे पैसे हे सगळे तिच्या चित्रविक्रीतूनच भागले पाहिजे. चित्रकला हा लेकीचा शौक म्हणून पोसायला ते तयार नव्हते. आपल्याला हे कठोर वाटेल. पण मला वाटते, त्या अटीने एक गोष्ट ठरवून टाकली. तिच्या घरात चित्र काढणे हे काम होते, आणि कामाला हिशेब असतो. पुढे तिने एका पत्रात लिहिले आहे की दिवसाला पाच फ्रँक मिळाले तरी चालतील, पण स्वतः कमावण्याची संधी आणि त्यातला आत्मसन्मान हवा. हे लिहिणाऱ्या बाईचा सख्खा भाऊ पुढे अमेरिकेतल्या एका बलाढ्य रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच फ्रँकांचे वजन कळते.

नाट्यगृहातल्या सज्जात बसलेली एक तरुणी, १८७९ चे चित्र. गळ्यात मोत्यांचा सर, गुलाबी पोशाख, लाल खुर्ची. तिच्या पाठीमागे आरसा आहे आणि त्यात समोरचे सगळे नाट्यगृह, गोलाकार सज्जे, दिव्यांचे झुंबर उमटलेले. हे चित्र आमच्या पुस्तकात होते, काळे-पांढरे. सेहेचाळीस वर्षांनी मला त्या मुलीच्या खांद्यावरचा हिरवट-पिवळा उजेड दिसला. झुंबराचा उजेड त्वचेवर पडला की ती अशी दिसते, हे कळायला मला फिलाडेल्फियापर्यंत यावे लागले.

त्यानंतरचे चित्र आकाराने चांगलेच मोठे. सुमारे नव्वद सेंटिमीटर उंच आणि एकशे तीस रुंद, १८८१ सालचे. पॅरिसच्या उपवनात एक बाई घोडागाडी हाकते आहे. ही बहीण लिडिया. शेजारी फिक्या गुलाबी कपड्यांतली लहान मुलगी, ती देगाची भाची. आणि मागच्या बैठकीवर, उलट्या दिशेला तोंड करून, घोड्याची निगा राखणारा पोरगा बसला आहे. घोडा चौकटीत पुरता मावलेलाच नाही, त्याचा फक्त मागचा भाग दिसतो. चित्राचे सगळे वजन लिडियाच्या हातांत आहे. तिने लगाम जसे धरले आहेत त्यावरून जनावराची ओढ जाणवते. ओठ घट्ट मिटलेले, नजर रस्त्यावर. मुलीचा हात गाडीच्या कडेला घट्ट धरलेला. ज्याचे रोजचे काम गाडीशी निगडित तो पोरगा मात्र त्या दुपारी रिकामा, आणि रिकामेपणाने अवघडलेला. मूत्रपिंडाच्या विकाराने लिडिया त्यावेळी आजारीच होती. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, ती वारली. हे ठाऊक झाल्यावर त्या लगामांकडे पुन्हा बघावेसे वाटते.

हातांवर माझे लक्ष का जाते, ते सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मी शेकडो मुले बसवली. स्मरणचित्राला 'पाणवठा' येवो, 'भाजीबाजार' येवो, नाहीतर 'बस थांबा', मुलांची एक युक्ती ठरलेली असते. हात लपवायचे. पुरुष असेल तर खिशात, बाई असेल तर घागरीच्या मागे, मूल असेल तर पाठीशी. चेहरा चुकला तरी तो चेहराच दिसतो. हात चुकला की केळ्यांचा घड होतो. माझ्या तासाला 'हात दाखवा' ही आज्ञा दिली की मुले आधी स्वतःचे हात पुढे करीत आणि मग हशा होई.

कसॅटने हात लपवले नाहीत. उलट जिथे दोन माणसांचे चार हात एकमेकांत गुंतून पुरता गोंधळ होण्याची भीती, तिथेच ती पुन्हा पुन्हा गेली. हे मला कळले ते पुढच्या दालनात, 'माता व बालक' यांच्या चित्रांसमोर.

तिथे एकामागून एक अशी ती चित्रे होती. मूल मांडीवर, मूल खांद्यावर, मूल अंघोळीला, मूल झोपेला आलेले. लांबून पाहिले तर कॅलेंडरवर शोभावीत अशी. जवळ गेले की वेगळेच काही दिसू लागते. पोराचे ओझे एका बाजूला कलले आहे आणि बाईने त्याच्या उलट बाजूला कमरेत बाक घेतला आहे. पंजा मुलाच्या बगलेखाली घालून अंगठा वर काढला आहे. बोटे मुलाच्या मांसात किंचित रुतली आहेत, कारण ओले किंवा वळवळणारे मूल धरायचे तर ती रुतवावीच लागतात. १८९६ सालच्या एका लहानशा तैलचित्राचे नाव 'मातेची ममता' अशा अर्थाचे आहे. त्यात मुलाचा हात बाईच्या चेहऱ्याशी झोंबतो आहे आणि ती ते सोसते आहे. ममता खरीच, पण ते झोंबणेही खरे. ज्याने तीन महिन्यांचे मूल तासभर घेतले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. त्या क्षणी माझ्या डाव्या मनगटात कळ येत होती.

लेक भिंतीवरचा मजकूर वाचत होती. ती एकदम म्हणाली, "आई, हे बघितलेस का? यांतल्या बऱ्याच बायका त्या मुलांच्या आया नाहीतच म्हणे."

मी वाचले. खरेच तसे होते. कसॅट मॉडेलना पैसे देऊन बसवीत असे. काही चित्रांत सख्ख्या माय-लेकरांच्या जोड्या होत्या, पण अनेक चित्रांतल्या बाया मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या, घरकामाला असलेल्या, किंवा पॅरिसबाहेरच्या तिच्या घराच्या आसपासच्या खेड्यातल्या होत्या. त्या काळी पॅरिसच्या सुखवस्तू घरांत मुलाला न्हाऊ-माखू घालणारे हात बहुधा पगारी असत. शंभर-सव्वाशे वर्षे लोकांनी या चित्रांना आधुनिक मॅडोना म्हटले, मातृप्रेमाचा आदर्श म्हटले. आणि चित्रातली बाई कदाचित दिवस मोजत होती आणि संध्याकाळी पैसे घेऊन घरी जात होती.

मी म्हटले, "आया नाहीत कशा? आयाच आहेत."

लेकीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. आईचे अनेकवचन आया, आणि शाळेत, इस्पितळात, पाळणाघरात मुलांचे सारे करणारी जी बाई तीही आया. दुसरा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पहिला आपला स्वतःचा. दोन्ही तोंडात सारखेच. वाक्यावरून ओळखायचे. कसॅटची चित्रे त्या एका शब्दात बसतात, आणि वाक्यावरूनही ओळखता येत नाहीत.

दालनाच्या मध्यभागी बाक होते. बाळ जागे झाले होते, म्हणून आम्ही तिथे बसलो. लेकीने ओढणी घेऊन त्याला पाजायला घेतले. समोरच्या भिंतीवरही तेच चालले होते, त्यामुळे कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "तू मला मावशींकडे ठेवून शाळेत जायचीस तेव्हा तुला कसे वाटायचे?"

मावशी म्हणजे १९८८-८९ साली आमच्याकडे येणारी बाई. मागच्या वस्तीतून सकाळी दहाला यायची. माझी शाळा पावणेअकराची. महिना दीडशे रुपये आणि दुपारचे जेवण. तिची स्वतःची तीन पोरे मोठी झालेली. लेकीला मानेखाली पंजा देऊन, अंगठा कानामागे ठेवून ती अशी उचलायची की पोरीला आपण उचललो गेलो हे कळायचेसुद्धा नाही. मला ते तसे कधी जमले नाही. पोर माझ्याकडे रडायची ती मावशीकडे जाऊन गप्प व्हायची. शेजारच्या बायका मला म्हणत, "तुझी मुलगी तिलाच आई समजते हो." त्या हसून म्हणत आणि मी हसून ऐके.

लेकीला काय सांगावे? पुस्तकी उत्तरे पुष्कळ होती. मी खरे तेच सांगितले. "पहिले आठ दिवस फळ्यावर कलश काढला की वाकडा यायचा. एक बाजू फुगायची, दुसरी चेपायची. मुले खाली माना घालून हसायची. नवव्या दिवशी कलश सरळ आला."

"मग?"

"मग मला बरे वाटले."

"वाईट नाही वाटले? बरे वाटले याचे?"

"नाही. तू घरी बऱ्या हातांत होतीस. आणि कलश माझा होता."

ती काही बोलली नाही. पण बाळाला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले तेव्हा समोरच्या चित्रातल्या बाईकडे बघून तिने आपला पंजा जरा खाली सरकवला, आणि बाळाने लगेच ढेकर दिला. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या आयेकडून शिकण्याचा असाही प्रकार असतो.

शेवटी शेवटी मुद्राचित्रे होती. आपल्या प्रिंटमेकिंगच्या विद्यार्थ्यांनी तर ही मिळतील त्या पुस्तकातून मुद्दाम पाहावीत. १८९० च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या त्याच सरकारी कलाशाळेत जपानी काष्ठमुद्रांचे प्रचंड प्रदर्शन भरले. कसॅट भारावून गेली आणि बर्थ मोरिसोलाही तिने ते पाहण्याचा आग्रह केला. त्यानंतर तिने दहा रंगीत मुद्राचित्रांचा संच केला आणि १८९१ मध्ये तो प्रदर्शित केला. जपानी चित्रे लाकडी ठशांची; हिने ती चव आणली तांब्याच्या पत्र्यावर. रेघ सुईने ओरखडून आणि सपाट रंगाचे भाग राळेची पूड व आम्ल वापरून, म्हणजे ड्रायपॉइंट आणि ॲक्वाटिंट. एका चित्राला बहुधा दोन किंवा तीन पत्रे. प्रत्येक पत्र्यावर वेगवेगळे रंग चिंधीच्या बोळ्याने हाताने लावायचे, पुसायचे, कागद ओला करून बरोबर जागेवर बसवायचा आणि दाबयंत्रातून काढायचा. पुढच्या प्रतीला हे सारे पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती. पुढे एका पत्रात तिने लिहिले की दोघांनी दिवसभर, आठ-आठ तास, अंग मोडून काम केले तरी कधी कधी आठ-दहा छापच निघत.

दोघांनी म्हणजे तिने आणि छपाईगार लरुआ याने. आणि इथे एक गोष्ट पाहायची राहू नये. छापाच्या खालच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिले आहे की हे चित्र कलावंताने आणि श्री. लरुआ यांनी छापले. छपाईगाराचे नाव आपल्या नावाच्या शेजारी! आपल्या कार्यशाळेत आम्ही प्रिंट काढायचो तेव्हा चाक ओढून देणारे शिपाईमामा असत. त्यांच्या हाताचा दाब सारखा होता म्हणून आमचे छाप सारखे यायचे.

संचातले पहिले चित्र अंघोळीचे. पिवळ्या पोशाखातली बाई, मांडीवर उघडे बाळ, समोर निळे टब. एका हाताने बाळ सावरून दुसरा हात तिने पाण्यात घातला आहे. पाणी पाहते आहे. बस, एवढेच चित्र. हे चित्र जमेपर्यंत तिने पत्र्यात बदल करत करत सतरा अवस्था केल्या. मी गेले दहा आठवडे रोज सकाळी नेमके तेच करत होते. कोपर बुडवायचे, जरा थांबायचे, गार पाण्याचा एक तांब्या घालायचा. त्याला काही नाव असते असे मला कधी वाटले नव्हते. सतरा वेळा पत्रा घासण्याइतके मोल कोणाला त्यात दिसले, हे बघून मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या एका चित्रात शिंपीण गुडघ्यांवर बसून उभ्या बाईच्या झग्याची कड टाचते आहे. आणखी एकात बसमधून जाणाऱ्या दोघी, एक मालकीण, आणि बाळ जिच्या मांडीवर आहे ती दुसरी, मुले सांभाळणारी. खिडकीबाहेर सेन नदीवरचा पूल. मालकीण बाहेर बघते आहे. सांभाळणारी बाळाकडे.

कसॅटने लग्न केले नाही. तिला मूल नव्हते. म्हणून 'अपुऱ्या राहिलेल्या मातृत्वाची तहान तिने रंगांवर भागवली' अशा तऱ्हेचे लेखन पुष्कळ झाले आहे. देगाने आयुष्यभर नर्तकी आणि इस्त्री करणाऱ्या परटिणी रंगवल्या. त्याला नाचायची किंवा इस्त्री करायची हौस राहून गेली होती, असे कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. त्याने त्यांच्या अंगांतले कष्ट पाहिले, असे आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. तेच माप हिला लावायला काय हरकत आहे? कॅफेत आणि नाचघरांत एकटीने बसणे तिच्या वर्गातल्या बाईला शक्य नव्हते. तिला जी जागा मोकळी होती तिथे तिने काम शोधले, आणि तिथे ते ढीगभर होते.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात स्त्रियांच्या दालनासाठी तिने 'आधुनिक स्त्री' या विषयावर एक भव्य भित्तिचित्र केले होते. बाया-मुली ज्ञानवृक्षाची फळे तोडताहेत, अशी मधली कल्पना. यात पुरुष कुठे आहेत, असे कोणी विचारले तेव्हा, ते इतर इमारतींच्या भिंतींवर भरपूर रंगवलेले असतीलच, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. प्रदर्शन संपल्यावर ते भित्तिचित्र नाहीसे झाले. पुढे मोतीबिंदू आणि मधुमेह यांनी डोळे निकामी केले. १९१४ च्या सुमारास चित्रे थांबली. तरी १९१५ साली स्त्रियांच्या मताधिकाराच्या निधीसाठी न्यूयॉर्कला प्रदर्शन भरले तेव्हा त्यात तिची चित्रे होती. १४ जून १९२६ रोजी फ्रान्समध्येच ती वारली.

विद्यार्थ्यांना मला एकच सांगायचे आहे. विषय घरगुती आहे म्हणून चित्र लहान, आणि विषय भव्य म्हणून चित्र मोठे, असे समजून चालू नका. तुमच्या घरी रोज कोणीतरी पाण्यात हात घालून पाणी बघते. कोणीतरी गुडघ्यांवर बसून फरशी पुसते, पीठ मळते, म्हाताऱ्याला कुशीवर वळवते. त्यातले काही जण पगार घेतात, काही घेत नाहीत. हात दोघांचेही सारखेच दुखतात. आधी तो हात नीट काढता येतो का ते बघा. अंगठा कोणत्या सांध्यापासून वळतो, वजन उचलताना मनगटाची शीर कुठे येते, हे बघा. ममता, त्याग वगैरे शब्द मागाहून येऊ द्या. नाही आले तरी बिघडत नाही.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, लेक कामावर रुजू झाली. सकाळी आम्ही तिघी-चौघे पाळणाघराच्या दारात उभे होतो. आतून एक सावळी, पन्नाशीची बाई आली. तिने बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. एक पंजा मानेखाली, अंगठा कानामागे. दुसरा कमरेखाली. बाळ तिच्या खांद्यावर गेले आणि तिच्या कानातल्या डुलाकडे बघू लागले. लेकीने मला कोपराने ढोसले आणि हळूच म्हणाली, "हात बघ."

त्या दिवशी दुपारी घर रिकामे होते. मी जावयांच्या टेबलावरचा एक कोरा कागद आणि पेन्सिल घेतली आणि तेवढा हातच काढायला बसले. बोटे साधली. अंगठा तीनदा खोडावा लागला.